पांढऱ्या पेशींची संख्या आणि त्यांतील शस्त्रसाठा : न्यूट्रोफिलमधील सूक्ष्मजीवनाशक पेप्टाइडांचे कार्य

प्रास्ताविक

ताप उतरत नाही म्हणून रक्ताची तपासणी केली असता अहवालात पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा व त्यांच्या निरनिराळ्या प्रकारांची टक्केवारी दिलेली असते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या दर घनमिलिमीटर रक्तात साधारणपणे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांपैकी ५० ते ७० टक्के पेशी न्यूट्रोफिल या प्रकारच्या असतात. जीवाणूंचा संसर्ग झाला की हा आकडा वाढतो. कर्करोगावरील औषधोपचारानंतर तो फार खाली गेला तर रुग्णाला संसर्गापासून जपावे लागते. आकड्यावरून शरीराच्या संरक्षणक्षमतेचा अंदाज बांधण्याची ही पद्धत अनुभवसिद्ध आहे आणि तिची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मोजलेली प्रत्येक पेशी सारखीच सज्ज आहे. हे गृहीत काही रुग्णांच्या बाबतीत खरे ठरत नाही. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिलांची संख्या पुरेशी असूनही संसर्ग थांबत नाही. कारण त्या पेशींत जे भरलेले असावयास हवे ते भरलेले नसते, किंवा भरलेले असूनही योग्य वेळी मोकळे होत नाही. न्यूट्रोफिलमध्ये साठविलेली सूक्ष्मजीवनाशक पेप्टाइडे कशी तयार होतात, कशी बाहेर पडतात आणि ती नसली तर काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शोधाची पार्श्वभूमी

१८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी ताराम���शाच्या पारदर्शक डिंभकात गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी झालेली त्यांना दिसली. परक्या वस्तूला वेढून गिळणाऱ्या भक्षक पेशींची कल्पना या निरीक्षणातून पुढे आली. प्रतिपिंडांच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते पॉल एर्लिश यांच्यासमवेत मेचनिकॉफ यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. पांढऱ्या पेशींना रंगद्रव्ये देऊन त्यांचे प्रकार वेगळे करण्याचे कामही एर्लिश यांचेच. न्यूट्रोफिल हे नाव त्या वर्गीकरणातून आले.

गिळलेला जीवाणू पेशीच्या आत मरतो कशाने, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लायसोझाइम हे जीवाणूंची भित्तिका विरघळविणारे विकर शोधले. पेनिसिलिनच्या कीर्तीपुढे हा शोध काहीसा झाकोळून गेला. १९५६ मध्ये जेम्स हर्श यांनी सशाच्या न्यूट्रोफिलांपासून जीवाणूनाशक अर्क वेगळा करून त्यास फॅगोसायटिन असे नाव दिले. १९६० च्या दशकात झिया व स्पिट्झनागेल यांनी हा गुण पेशीतील धनभारित प्रथिनांकडे असल्याचे दाखविले. त्यानंतर दोन दशकांनी, १९८५ मध्ये, लॉस एंजेलिस येथील रॉबर्ट लेहरर, टोमास गँझ व मायकेल सेल्स्टेड यांच्या गटाने मानवी न्यूट्रोफिलांमधून तीन छोटी पेप्टाइडे शुद्ध स्वरूपात मिळविली व त्यांना डिफेन्सिन हे नाव दिले.

हीच वर्षे अन्य प्राण्यांच्या बाबतीतही फलदायी ठरली. १९८१ मध्ये स्वीडनमध्ये हान्स बोमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेक्रोपिया पतंगाच्या कोशापासून सेक्रोपिन मिळविले. १९८७ मध्ये मायकेल झास्लॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन वेगळे केले. शस्त्रक्रियेनंतर निर्जंतुक नसलेल्या पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत नाहीत, ही प्रयोगशाळेतील रोजची बाब त्यांना नवलाची वाटली, आणि तेथून शोध सुरू झाला. प्रतिपिंडे तयार न करणारे कीटकही अशा पेप्टाइडांच्या बळावर टिकून राहतात, हे लक्षात आल्यावर या रेणूंकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

कणिकांची घडण

प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दररोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. रक्तात आल्यावर त्यांचे आयुष्य अल्प असते. पाठ्यपुस्तकांतून या पेशींना सैनिक म्हणण्याची प्रथा आहे. ही उपमा सोयीची असली तरी एका महत्त्वाच्या बाबतीत अपुरी पडते. सैनिकाला दारूगोळा रणांगणावर नव्याने पुरविता येतो. न्यूट्रोफिलाचा बहुतेक सर्व साठा मात्र तो अस्थिमज्जेत अपरिपक्व अवस्थेत असतानाच भरला जातो. पेशी रक्तात उतरते तेव्हा कणिकांतील प्रथिनांची निर्मिती जवळजवळ थांबलेली असते. मज्जेत जे राहून गेले ते जखमेपाशी भरून काढता येत नाही.

हा साठा एकाच पेटीत नसतो. मज्जेतील वाढीच्या आरंभीच्या टप्प्यात अझुरोफिल किंवा प्राथमिक कणिका तयार होतात. त्यांत डिफेन्सिने, मायलोपेरॉक्सिडेझ, इलास्टेझ, कॅथेप्सिन-जी व प्रोटिनेझ-३ ही द्रव्ये असतात. पुढच्या टप्प्यात दुय्यम कणिका बनतात आणि त्यांत लॅक्टोफेरिन तसेच कॅथेलिसिडिन या पेप्टाइडाचे पूर्वरूप साठते. त्यानंतर जिलॅटिनेझ कणिका व सर्वांत शेवटी स्रावी पुटिका तयार होतात. कोणते प्रथिन कोणत्या कणिकेत जाईल हे त्या प्रथिनावरील एखाद्या खुणेवरून ठरत नसून ते कोणत्या वेळी तयार झाले यावरून ठरते, असा विचार डेन्मार्कमधील नील्स बोरेगार्ड यांच्या गटाने मांडला. एका टप्प्यात बनलेले सर्व काही त्या टप्प्याच्या कणिकेत जाते, इतकी ही व्यवस्था साधी आहे. जाता जाता एक घरगुती निरीक्षण नोंदविण्यासारखे आहे. गळवातील पुवाला जी हिरवट छटा दिसते ती बव्हंशी मायलोपेरॉक्सिडेझ या हिरव्या विकराची, म्हणजे प्राथमिक कणिकांतील द्रव्याची असते.

दोन पेप्टाइडे, दोन प्रकारचे कुलूप

मानवी न्यूट्रोफिलांतील प्रमुख डिफेन्सिने तीन आहेत. त्यांना एच.एन.पी.-१, २ व ३ अशी नावे आहेत. पहिल्या व तिसऱ्यात प्रत्येकी ३० अमिनो आम्ले असून त्यांच्यात केवळ पहिल्या अमिनो आम्लाचा फरक आहे. दुसऱ्यात ते पहिले अमिनो आम्लच नसते. सहा सिस्टिन घटकांमधील गंधकाचे तीन बंध या लहानशा साखळीला घट्ट बांधून ठेवतात. चौथे डिफेन्सिनही असते, परंतु ते अल्प प्रमाणात. प्राथमिक कणिकांतील एकूण प्रथिनांपैकी ३० ते ५० टक्के वाटा या डिफेन्सिनांचा असतो.

दुसरे पेप्टाइड कॅथेलिसिडिन कुलातील आहे. अनेक सस्तन प्राण्यांत या कुलाची बरीच पेप्टाइडे आढळतात. मानवात मात्र एकच आहे. त्याच्या साखळीत ३७ अमिनो आम्ले असून आरंभी ल्यूसिन हे अमिनो आम्ल दोनदा येते, म्हणून त्याचे नाव एल.एल.-३७.

पेशीपटले फोडू शकणारा रेणू पेशीतच बाळगावयाचा तर तो सुरक्षित कसा ठेवावा, हा प्रश्न दोन्ही पेप्टाइडांच्या बाबतीत उद्भवतो, आणि दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत. डिफेन्सिन तयार होते तेव्हा ते ९४ अमिनो आम्लांच्या लांब साखळीचा भाग असते. या साखळीतील ऋणभारित तुकडा डिफेन्सिनाच्या धनभाराला जखडून ठेवतो. कणिकेत साठविताना हा तुकडा कापला जातो, आणि मग तयार डिफेन्सिन कणिकेच्या आवरणात बंदिस्त राहते. एल.एल.-३७ च्या बाबतीत ही छाटणी कणिकेत होतच नाही. ते दुय्यम कणिकेत आपल्या पूर्वरूपातच निष्क्रिय पडून असते. त्याला कापणारे विकर, प्रोटिनेझ-३, दुसऱ्याच कणिकेत, म्हणजे प्राथमिक कणिकेत असते. दोन्ही कणिकांतील द्रव्ये बाहेर येऊन एकत्र मिसळली म्हणजेच पेप्टाइड मोकळे होते. हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. कुलूप एका पेटीत व किल्ली दुसऱ्या पेटीत, अशी ही योजना आहे. पुढे वर्णिलेल्या एका रोगात तिचे महत्त्व प्रत्ययास येते.

मोकळे होण्याचा क्रम

संसर्गाच्या जागी बाधित ऊती व तेथील पेशी रासायनिक संदेश सोडतात. इंटरल्यूकिन-८ हा त्यांपैकी एक; जीवाणूंच्या प्रथिनांचे विशिष्ट तुकडेही असाच संदेश देतात. रक्तप्रवाहातील न्यूट्रोफिल वाहिनीच्या आतल्या भिंतीवर प्रथम लोळत जातो, नंतर तेथे घट्ट चिकटतो आणि पेशींच्या फटींतून ऊतीत शिरतो. या प्रवासात त्याच्या कणिका एकदम रिकाम्या होत नाहीत. सर्वांत शेवटी बनलेल्या स्रावी पुटिका सर्वांत आधी पेशीच्या पृष्ठभागी येतात व भिंतीला चिकटण्यास लागणारी प्रथिने पुरवितात. त्यानंतर जिलॅटिनेझ कणिका, मग दुय्यम कणिका, असा उलटा क्रम लागतो. सर्वांत आधी बनलेल्या प्राथमिक कणिका बाहेर सोडण्यास पेशी सर्वांत नाखूश असते. त्यांतील द्रव्ये प्रामुख्याने आतल्या आत वापरली जातात.

जीवाणू गिळला गेला की तो पेशीपटलाच्या एका पिशवीत, भक्षणपुटिकेत, बंद होतो. प्राथमिक व दुय्यम कणिका या पुटिकेला जोडल्या जाऊन आपली द्रव्ये तिच्यात ओततात. जागा अतिशय लहान असल्याने डिफेन्सिनांची तीव्रता तेथे फार वाढते. दर मिलिलिटरला कित्येक मिलिग्रॅम इतकी ती असावी असे अंदाज आहेत. या तीव्रतेला विशेष अर्थ आहे. परीक्षानळीत मीठ किंवा रक्तद्रव मिसळले तर डिफेन्सिनांची जीवाणूनाशक शक्ती झपाट्याने घटते. म्हणून उघड्या ऊतीत विखुरलेले डिफेन्सिन दुबळे ठरते आणि बंद पुटिकेतील डिफेन्सिन प्रभावी ठरते. त्याच पुटिकेत प्राणवायूपासून बनलेली तीव्र रसायनेही काम करीत असतात. या दोन यंत्रणांपैकी कोणती निर्णायक यावर बराच वाद झाला आहे. मात्र दोन्ही एकाच वेळी चालू असताना त्यांचे श्रेय वेगळे करणे प्रयोगदृष्ट्या कठीण असते. त्यातच प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या उंदराच्या न्यूट्रोफिलांत डिफेन्सिने नसतात, हे १९९२ मध्ये दिसून आले. उंदरावरील निष्कर्ष मानवी न्यूट्रोफिलांना लावताना ही गोष्ट विसरता येत नाही.

२००४ मध्ये बर्लिन येथील आर्टुरो झिखलिन्स्की यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक मार्ग प्रकाशात आणला. काही न्यूट्रोफिल आपल्या केंद्रकातील डी.एन.ए. धाग्यांच्या स्वरूपात बाहेर फेकतात. या जाळ्याला कणिकांतील प्रथिने चिकटलेली असतात व त्यात जीवाणू अडकतात. मात्र या मार्गाची किंमत शरीराला मोजावी लागू शकते. एल.एल.-३७ स्वतःच्याच शरीरातील डी.एन.ए.शी संलग्न झाले की रोगप्रतिकार यंत्रणेतील काही पेशी त्याला परका समजून उत्तेजित होतात, असे २००७ मध्ये सोरायसिसच्या संदर्भात दाखविण्यात आले.

जीवाणूच का मरतात?

या पेप्टाइडांवर धनभार असतो आणि त्यांच्या रेणूची एक बाजू पाण्यात व दुसरी स्निग्ध पदार्थात रमणारी असते. जीवाणूंच्या पटलाच्या बाहेरील थरात ऋणभारित फॉस्फोलिपिडे विपुल असतात. मानवी पेशीच्या बाहेरील थरात एकंदरीत भाररहित लिपिडे असतात व कोलेस्टेरॉल त्या थराला बळकटी देते. त्यामुळे धनभारित पेप्टाइड जीवाणूकडे ओढले जाते, त्याच्या पटलात घुसते व छिद्रे पाडते. पेशीतील क्षार बाहेर झिरपतात आणि जीवाणूची ऊर्जाव्यवस्था कोलमडते. एच.एन.पी.-१ एवढ्यावर थांबत नाही. जीवाणूची भित्तिका उभारण्यास लागणाऱ्या लिपिड-२ या घटकाला ते जखडते, असे २०१० मध्ये आढळले.

जीवाणूही स्वस्थ बसलेले नाहीत. गळवे निर्माण करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या भित्तिकेतील आम्लांना अ‍ॅलॅनिन व पटलातील लिपिडांना लायसिन जोडून पृष्ठभागावरील ऋणभार कमी करतो, म्हणजे पेप्टाइडांचे आकर्षणच घटवितो. असे असूनही पटल ही संपूर्ण जीवाणूची मूलभूत रचना असल्याने तीत आमूलाग्र बदल करणे जीवाणूला महाग पडते.

कोस्टमान रोगाची साक्ष

उत्तर स्वीडनमधील नॉरबॉटन भागातील काही कुटुंबांत जन्मतःच न्यूट्रोफिल जवळजवळ नसलेली बालके आढळत. रॉल्फ कोस्टमान यांनी १९५६ मध्ये या आनुवंशिक रोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी यांपैकी बहुतेक बालके संसर्गाने अल्पवयातच दगावत. १९९० च्या सुमारास न्यूट्रोफिलांची वाढ घडवून आणणारे जी.सी.एस.एफ. हे संप्रेरकसदृश औषध उपलब्ध झाले आणि चित्र पालटले. रुग्णांच्या न्यूट्रोफिलांची संख्या वाढली, प्राणघातक संसर्ग कमी झाले, मुले मोठी होऊ लागली. आकड्यांच्या दृष्टीने उपचार यशस्वी झाला होता.

तथापि या मुलांच्या हिरड्यांचा रोग हटेना. हिरड्या सुजत, दातांभोवतीचे हाड झिजत जाई. नियमित दंतोपचारांचाही पुरेसा उपयोग होत नसे. एखाद्या वैद्यकीय यशानंतर उरलेली अशी तक्रार किरकोळ समजून सोडून देणे सोपे असते. स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी ती सोडली नाही, आणि याच गटात सेक्रोपिनचे शोधक हान्स बोमान होते. २००२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या रुग्णांच्या न्यूट्रोफिलांची संख्या औषधाने सुधारली होती, परंतु त्यांत एल.एल.-३७ नव्हते आणि डिफेन्सिनांचे प्रमाणही घटलेले होते. एका रुग्णावर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झालेले होते. त्याच्या न्यूट्रोफिलांत एल.एल.-३७ जवळजवळ नेहमीच्या प्रमाणात आढळले व त्याच्या हिरड्या निरोगी होत्या. अभ्यासातील रुग्ण मोजकेच होते आणि प्रत्यारोपण झालेला एकच, हे ध्यानात ठेवावयास हवे. तरीही औषधाने पेशींची संख्या वाढते पण त्यांत भरावयाचा साठा वाढत नाही, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दाखविणारी मानवी उदाहरणे विरळ आहेत. या रोगाच्या अनेक कुटुंबांत एच.ए.एक्स.-१ या जनुकात दोष असल्याचे २००७ मध्ये निष्पन्न झाले.

पॅपिलॉन-लफेव्हर या दुसऱ्या दुर्मीळ आनुवंशिक रोगात तळहात व तळपाय यांची कातडी जाड होते आणि दुधाचे तसेच कायमचे दातही अकाली पडतात. येथे पेशींची संख्या पुरेशी असते व एल.एल.-३७ चे पूर्वरूपही तयार होते. दोष असतो तो कॅथेप्सिन-सी या विकरात. त्याच्या अभावी प्रोटिनेझ-३ व त्याच्या जातीची अन्य विकरे कार्यक्षम होत नाहीत, म्हणून पूर्वरूप कापले जात नाही. पेटी भरलेली असते, किल्ली मात्र घडविलेलीच नसते. याउलट दुय्यम कणिकांच्या जन्मजात अभावाच्या रोगात पेटीच तयार होत नाही आणि डिफेन्सिनेही जवळजवळ नसतात. अशा रुग्णांना त्वचा व फुप्फुस यांचे जीवाणूसंसर्ग पुन्हा पुन्हा होतात. या तिन्ही रोगांतील मूळ बिघाड रक्ताच्या नेहमीच्या अहवालातील आकड्यावरून ओळखता येत नाही. दुसऱ्या रोगात तर आकडा निर्दोष दिसतो.

उपचाराच्या दिशा

पेप्टाइडच बाहेरून औषध म्हणून द्यावे, ही कल्पना स्वाभाविकपणे पुढे आली. मॅगेनिनावर आधारित पेक्सिगनान हे मलम मधुमेहींच्या पायांवरील जखमांसाठी तयार करण्यात आले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मान्यता नाकारली. प्रचलित प्रतिजैविकापेक्षा ते सरस असल्याचे सिद्ध झाले नव्हते. २०१६ मध्ये पुन्हा घेतलेल्या चाचण्यांतही ते अपयशी ठरले. क्षार व प्रथिने यांनी भरलेल्या उघड्या जखमेत अशा रेणूला बंद पुटिकेतील अनुकूलता लाभत नाही, याचा येथे विचार करावा लागतो.

शरीराकडूनच अधिक पेप्टाइड तयार करवून घेणे, हा दुसरा मार्ग होय. न्यूट्रोफिलांच्या बाबतीत तो अवघड आहे, कारण त्यांचा साठा मज्जेतच ठरतो. महाभक्षक पेशी मात्र गरजेनुसार कॅथेलिसिडिन बनवू शकतात. क्षयाच्या जंतूंची चाहूल लागताच या पेशी ड जीवनसत्त्वाच्या साहाय्याने कॅथेलिसिडिनाचे जनुक जागे करतात, हे २००६ मध्ये रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने दाखविले. त्यानंतर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी क्षय टळेल अशी आशा निर्माण झाली. मंगोलियातील ८,८५१ शालेय मुलांवर तीन वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ड जीवनसत्त्व देऊनही क्षयाच्या जंतूंचा संसर्ग कमी झाल्याचे आढळले नाही. ढाका येथे, क्षयावरील नेहमीच्या औषधांसोबत फिनाइलब्युटिरेट हे कॅथेलिसिडिनाची निर्मिती वाढविणारे द्रव्य व ड जीवनसत्त्व देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. चौथ्या आठवड्याअखेर थुंकीतून जंतू नाहीसे झालेल्या रुग्णांचे प्रमाण त्या गटात अधिक होते. पहिल्या चाचणीतील मुलांना संसर्ग झालेला नव्हता व दुसरीतील रुग्ण आधीच आजारी होते, त्यामुळे या दोन निष्कर्षांची थेट तुलना करता येत नाही.